‘डीहेझ’ला लबाडी ठरवण्याआधी



फोटोतला धूसरपणा काढणारा सॉफ्टवेअरचा ‘डीहेझ’ स्लायडर ओढलेले छायाचित्र म्हणजे लबाडी, हा मागील अंकातील पत्रलेखकांचा निकाल घाईचा वाटतो. दूरच्या डोंगराकडून येणारा प्रकाश हवेत विखुरतो आणि त्यात आभाळाचा पांढुरका उजेड मिसळतो. सॉफ्टवेअर हा वरचा उजेड अंदाजाने वजा करते. कायमिंग ह, ज्यान सुन आणि श्याओऊ तांग यांनी २००९ मध्ये मांडलेली युक्ती अशी : स्वच्छ हवेत चित्राच्या बहुतेक तुकड्यांत लाल, हिरव्या, निळ्यापैकी एखादा रंग जवळजवळ काळा असतो, तो उजळ दिसला, की तेवढे धुके धरायचे. आकाश किंवा चुन्याची भिंत आली, की हिशेब फसतो. स्लायडर टोकाला ओढल्यावर आभाळ मळते ते बहुधा त्यामुळेच.

लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०१५ ची. पण कृष्णधवल जमान्यात धूसरपणा कापायला पिवळे, तांबडे फिल्टर लावणाऱ्यांना आपण कधी लबाड म्हटले? मुंबईच्या प्रदूषणाच्या बातमीतल्या फोटोतून धुरके काढले, तर ती फसवणूकच. तिथे पत्रलेखकांशी मी सहमत आहे. बाकी, पावसाळ्यात कोकणकड्यावर जाऊन फोटोतले धुके पुसणाऱ्यांना नेमके काय हवे असते, हे मलाही उमगलेले नाही.

– एक वाचक, पुणे