संशोधनाचा पैसा आणि कर्जतचे भात

महाराष्ट्र शासनाने जून 2025 मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचे धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. त्याआधी सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने शेतीतील नवउद्योगांना भागभांडवल पुरवण्यासाठी 750 कोटींचा निधी उभा केला होता. त्यातील 250 कोटी केंद्राचे, 250 कोटी नाबार्डचे आणि उरलेले इतर गुंतवणूकदारांकडून यावयाचे, अशी त्याची रचना आहे. या घोषणांचे स्वागत करणाऱ्यांना विज्ञानाचे मित्र आणि त्यांबद्दल प्रश्न विचारणाऱ्यांना विज्ञानाचे शत्रू ठरवण्याची घाई सध्या सर्वत्र दिसते. समाजवादी विचाराला विज्ञानाचे वावडे कधीच नव्हते. आमचा प्रश्न साधा आहे: जनतेच्या पैशातून जे शोध लागतील, ते मालकीने कोणाचे राहणार आणि कोणाच्या दारापर्यंत पोहोचणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. मुंबईहून लोकलने कर्जतला उतरावे. तेथे कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे आणि भातावरील संशोधनाची तेथील परंपरा विद्यापीठाहूनही जुनी आहे. कोळंबा, झिनिया या स्थानिक जातींतून निवड करण्यापासून तेथील काम सुरू झाले. पुढे कर्जत-184, कर्जत-2, कर्जत-3 अशी वाणांची मालिकाच निघाली आणि ती रायगड-ठाण्याच्या खाचरांत घरोघर पोहोचली. या वाणांचे खरे मोल केवळ वाढलेल्या उताऱ्यात नाही. शेतकरी ते एकदा आणतो, पुढच्या वर्षासाठी कणगीत बियाणे राखतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो, आणि 2001 च्या पीकवाण संरक्षण कायद्याने त्याचा हा हक्क मान्यही केला आहे. खर्च एकदाच सरकारी तिजोरीतून झाला. लाभ मात्र कोणाचीही परवानगी न घेता शेतातून शेतात पसरत गेला. याच केंद्राने 1998 साली ‘सह्याद्री’ हा संकरित वाण दिला. त्याचे उत्पन्न अधिक येते हे खरे, पण बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. संस्था सरकारी असली तरी शोधाची जात बदलली की शेतकऱ्याचे स्वातंत्र्य कसे आक्रसते, हे या एकाच आवारात पाहावयास मिळते.

अशा संस्थांवर देश किती खर्च करतो? 2024-25 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात कृषी संशोधन व शिक्षण विभागाला 9,941 कोटी रुपये मिळाले, तर खतांवरील अनुदानासाठी 1 लाख 64 हजार कोटी ठेवले होते. म्हणजे संशोधनाचा वाटा खतांच्या सोळाव्या हिश्श्याच्या आसपास. सरकारच्याच 2023-24 च्या आर्थिक पाहणीने कृषी संशोधनावरील एका रुपयामागे 13 रुपये 85 पैसे परतावा मिळतो असे म्हटले आहे. सावकारसुद्धा इतक्या परताव्याचे कूळ हातचे सोडणार नाही! आणि तरीही राज्यातील कृषी विद्यापीठांच्या रिक्त जागांचा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच पडून आहे.

नवा शोध प्रयोगशाळेतच लागतो असेही नाही. नेरळजवळच्या मालेगावात चंद्रशेखर भडसावळे यांनी स्वतःच्या शेतावर ‘सगुणा राईस तंत्र’ विकसित केले. कायमचे गादीवाफे, लोखंडी साच्याने टोकण, नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची. राब भाजण्याचे आणि भर पावसात कमरेत वाकून लावणी करण्याचे कष्ट ज्यांनी पाहिले आहेत, ते या पद्धतीला उगाच नावे ठेवणार नाहीत. परंतु तिच्यात तणांचा बंदोबस्त तणनाशकावर, विशेषतः ग्लायफोसेटवर, बराच अवलंबून राहिला, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने त्या औषधाच्या वापरावर कडक निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. शिवाय लावणीचे कष्ट वाचतात तेव्हा लावणीची मजुरीही जाते. ठाकूर-कातकरी स्त्रीच्या हाती आषाढात पडणारे चार पैसे कोठून भरून निघणार, याचा विचार शोध लावणाऱ्या एकट्या शेतकऱ्याने करावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. तो विचार शासनाने करावयाचा असतो. विषाविना तण आवरणारे हातअवजार, लहान खाचरात चालणारे कापणीयंत्र, गावकीच्या मालकीची भातगिरणी यांवर सार्वजनिक पैसा लागावयास हवा.

प्रत्यक्षात तो कोणत्या अटींवर मिळतो ते पाहावे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, अनुदान आहे. किमान 10 टक्के स्वतःचे घालावयाचे आणि उरलेले बँकेकडून कर्जाऊ आणावयाचे. ज्याच्याकडे पत आहे त्याला हे सोपे आहे. वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा विकता येत नाही, म्हणून तो बँकेला तारण म्हणून चालत नाही. तो विकता येत नाही हे योग्यच आहे, नाहीतर द्रुतगती मार्ग झाल्यापासून खालापूरच्या जमिनी ज्या वाटेने गेल्या त्याच वाटेने तोही गेला असता. पण मग पट्टेधारकाला कर्ज देण्याची दुसरी सोय शासनाने करावयास नको काय? त्यात एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो सातबाऱ्याला बांधलेला आहे. तोंडी कराराने कसणारे कूळ आणि जिचे नाव उताऱ्यावर कधी चढलेच नाही ती शेतकरीण, उद्याच्या यंत्रबुद्धीच्या हिशेबात अस्तित्वातच नसतील. कसेल त्याची जमीन म्हणणाऱ्या राज्यात कसणाऱ्याची ओळख मात्र कागदावरून ठरावी, हा विचित्र न्याय आहे.

अन्नाच्या बाबतीत नवे काही करणे म्हणजे यंत्र आणणे एवढाच अर्थ घेऊ नये. हुतात्मा भाई कोतवाल हे याच तालुक्यातले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते धारातीर्थी पडले. विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्त्याचा नायक म्हणून त्यांचे स्मरण होते. पण त्याआधी कुळांना दिढी-दुपटीच्या पाशातून सोडवण्यासाठी त्यांनी धान्यकोठी काढली होती, हे आपणही विसरतो. 1980 नंतर कशेळे येथील अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सेस या संस्थेने आदिवासी वाड्यांत तीच कल्पना धान्यबँकेच्या रूपाने पुन्हा रुजवली: सुगीला भात ठेवावयाचे, पावसाळ्याच्या उपासमारीत उचलावयाचे, पुढच्या सुगीला थोडी वाढ घालून परत करावयाचे. 1996-97 मध्ये केंद्रानेही आदिवासी भागांसाठी धान्यकोठ्यांची योजना आणली. या व्यवस्थेतून कोणा गुंतवणूकदाराला नफा होत नाही. म्हणूनच भागभांडवलाच्या निधीतून तिला कोणी पैसा देणार नाही. तो अंदाजपत्रकातूनच यावा लागेल.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी याची सुरुवात आपल्या दोन तालुक्यांपासून करावी. कर्जतच्या केंद्रातील किती पदे रिकामी आहेत आणि गेल्या पाच वर्षांत किती बियाणे शेतकऱ्यांपर्यंत गेले, याची माहिती माहिती अधिकारात मागवावी. ओळख क्रमांक न मिळालेल्या कुळांची, स्त्रियांची आणि पट्टेधारकांची वाडीवार यादी करून ती कर्जत व खालापूरच्या तहसीलदारांपुढे ठेवावी. ही यादी भात झोडून होताच करावी लागेल, कारण दिवाळी उलटली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि वाडीत नावे सांगायलाही कोणी उरत नाही.