उंदरांचा बंदोबस्त आणि मूत्रगंध

आज जेथे सीबीडी बेलापूर उभे आहे, तेथे 1970 साली सिडकोची स्थापना झाली त्या काळी भातशेती होती. शेते गेली, घरउंदीर मात्र धान्याच्या पोत्यांपाशी राहिलाच. त्याचा बंदोबस्त म्हणजे केवळ विषारी आमिष, ही समजूत अपुरी आहे.

नर उंदराच्या मूत्रातील प्रथिने गंधद्रव्ये धरून ठेवतात व सावकाश सोडतात. त्यामुळे नर गेल्यावरही त्याची खूण टिकते. त्यांपैकी ‘डार्सिन’ या प्रथिनाशी एकदा संपर्क आला की मादी ती जागा ध्यानात ठेवून तेथे परतते. नराच्या मूत्रगंधाने कोवळी मादी लवकर वयात येते. नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीला परक्या नराचा गंध आल्यास गर्भ टिकत नाही, हे हिल्डा ब्रूस यांनी 1959 साली दाखविले. तथापि यावरून कोणी परका नर आणून सोडण्याची युक्ती लढवू नये. ती मादी काही दिवसांतच पुन्हा माजावर येते.

तेव्हा चार उंदीर मारून कोठी तशीच ठेवणे हे अर्धेच काम होय. मूत्राने भिजलेली पोती काढून टाकावीत, उरलेली भिंतीपासून दूर फळ्यांवर रचावीत आणि जमीन कोरडी न झाडता साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी.