माळाच्या तुकड्याची कमाई

जुन्या रेडिओच्या काचेवर मिडियम वेव्हची पट्टी १६०० च्या आसपास संपते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. साधारण त्या आकड्यापलीकडच्या लहरी शंभर वर्षांपूर्वी कुणालाच नको होत्या. म्हणून त्या हौशी मंडळींच्या पदरात पडल्या. ज्याला आपण ‘हॅम रेडिओ’ म्हणतो, त्याच्या हक्काची गोष्ट इथून सुरू होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरच्या घरी बिनतारी यंत्रे बनवणारी पुष्कळ मुले होती. त्यांच्या खडखडाटात आमचे संदेश बुडतात, अशी नौदलाची तक्रार होती. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले आणि त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने कायदा केला. हौशींना अटी घातल्या : लहरीची लांबी २०० मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे १५०० किलोहर्ट्झच्या वरच राहायचे, आणि यंत्राला पुरवायची शक्ती एक किलोवॅटपर्यंत. नौदलाचे केंद्र पाच सागरी मैलांच्या आत असेल, तर अर्धाच किलोवॅट.

लहर जितकी लांब तितका संदेश दूर जातो, असे तेव्हा तज्ज्ञ मानत. म्हणजे भावकीच्या वाटणीत काळी जमीन थोरल्यांनी घ्यावी आणि धाकट्याला माळाचा तुकडा द्यावा, तसेच हे झाले. त्यात कष्टून तो थकेल आणि सोडून जाईल, हाच हिशेब.

पण धाकटा थकला नाही. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशींचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे १०० मीटरच्या लहरीवर अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात हौशींचा दुतर्फा संवाद झाला. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी तर लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याने न्यूझीलंडच्या फ्रँक बेलशी संपर्क साधला. पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाशी! पुढे बेलचे केंद्र त्याची बहीण ब्रेंडा हिने सांभाळले. ती न्यूझीलंडची पहिली महिला हॅम.

हे घडले कसे? जमिनीपासून शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा थर असतो. आखूड लहरी त्यावर आपटून खाली वळतात आणि फार दूर उतरतात. त्यामुळे थोड्या शक्तीतही मोठा पल्ला गाठता येतो. असा थर असावा, हा अंदाज १९०२ पासून होता. हौशींनी त्याचा उपयोग जगाला दाखवून दिला.

माळावर पीक आले, तसे सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. सरकारे, तार कंपन्या, प्रसारण केंद्रे, सर्वांना आता शॉर्टवेव्ह हवी होती. १९२७ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हौशींना तिथे प्रथमच जगाच्या करारात स्वतःचे पट्टे मिळाले, पण अमेरिकन हौशींचे पट्टे आक्रसले. ४० मीटरचा पट्टा ७००० ते ८००० किलोहर्ट्झ होता, तो ७३०० वर थांबला. २० मीटरचा १६००० पर्यंत होता, तो १४४०० वर आला. ज्यांनी जमीन लागवडीखाली आणली, त्यांना तिच्यातल्या मोजक्या पट्ट्यांवर राहावे लागले.

तरी ते टिकले. १९७९ च्या जिनिव्हा परिषदेत त्यांना तीन नवे पट्टे मिळाले. आशिया आणि युरोपातल्या हौशींच्या हातून प्रसारणाकडे गेलेला ७१०० ते ७२०० चा तुकडा २००३ च्या निर्णयाने मार्च २००९ पासून त्यांच्याकडे परतला. कारण ते रिकामे बसले नव्हते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा आधीच पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारतीय हॅमच्या पथकाने लोकांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवले.

आणि तो शाळकरी गॉयडर? १९३६ मध्ये तो ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता होऊन भारतात आला. मुंबईसह आपल्या मोठ्या केंद्रांवर १९३८ मध्ये शॉर्टवेव्ह सुरू झाली, ती त्याच्याच कारकिर्दीत. शाळेत मुलाने जोपासलेला छंद पुढे एका देशाच्या कामी आला. घरात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काही उघडून बसणाऱ्या मुलावर किंवा मुलीवर ओरडण्याआधी हे आठवावे.

शक्तीच्या मर्यादेबद्दल एक गोष्ट मला विशेष भावते. अमेरिकेत आज हौशींना दीड हजार वॅटपर्यंत मुभा आहे. पण त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे : संपर्कासाठी गरजेची असेल तेवढी किमानच शक्ती वापरावी. दहा वॅटमध्ये निरोप पोहोचत असेल, तर शंभर लावू नयेत, कारण आकाश सर्वांचे आहे आणि त्याच पट्ट्यावर दुसराही कुणी बोलतो आहे. मुभा किती आहे हे कायदा सांगतो. गरज किती आहे हे ज्याचे त्याने ओळखायचे असते. लाउडस्पीकर असो, विहिरीवरचा पंप असो की घरातला आवाज, हा हिशेब मुलांना लहानपणीच शिकवायला हवा.