भट्टीवाल्याचे नाव बाटलीवर यावे

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन ती ‘देशी दारू’च्या रांगेतून बाहेर पडली आणि गोव्याचे वारसा पेय ठरली. २०२१ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र धोरणही जाहीर झाले. एवढा मानसन्मान पदरात पडूनही सत्तरीतला छोटा भट्टीवाला आपली फेणी कॅनमध्ये भरून लिटरच्या भावाने व्यापाऱ्याला का देऊन टाकतो, हा प्रश्न आम्हाला शासनाला विचारायचा आहे.

दारूवर अग्रलेख म्हटल्यावर काही वाचकांच्या भुवया उंचावतील. आमच्या वाचकांत माळकरी आहेत, व्यसनमुक्तीसाठी आयुष्य वेचलेली माणसे आहेत. त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे, आणि कोणी फेणी प्यावी असे आम्ही सुचवीत नाही. परंतु आपल्यापैकी कितीतरी घराण्यांच्या डोंगरात काजू आहे. बिया आपण विकतो आणि बोंडू भट्टीवर जातो. त्या भट्टीवर राबणारा आपलाच शेजारी आहे, आपल्याच देवळाच्या उत्सवाला वर्गणी देणारा. त्याच्या धंद्याला नाके मुरडायची आणि त्याच बोंडूचे पैसे मात्र खिशात टाकायचे, यात कसला आला सोवळेपणा?

हा धंदा जेमतेम तीन महिन्यांचा. मार्च ते मे. झाडाखाली आपोआप पडलेला पिकलेला बोंडूच घ्यायचा, तोडलेला चालत नाही. तो तुडवून रस काढायचा, आंबवायचा, भाणात घालून खाली लाकडे लावायची. पहिल्या धारेचा हुर्राक, आणि तो पुन्हा चढवला की फेणी. धार कधी तोडायची हे ज्याला कळते त्याचीच फेणी चांगली. प्रत्येक गावच्या फेणीचा वास वेगळा, हे जाणकार सांगतात. मात्र बाटलीत भरणाऱ्यापर्यंत ती पोहोचते तेव्हा दहा भट्ट्यांचा माल एका टाकीत पडलेला असतो. तिथे गावही संपते आणि माणूसही. वरून कोणी त्यात स्वस्त मद्यार्क मिसळला तर बदनामी मात्र सगळ्या भट्ट्यांची!

मग त्याने स्वतःच बाटली का भरू नये? भरावी की! पण आधी विभागाच्या पावणीचे पैसे, मग बाटली भरण्याचा परवाना, त्यासाठीची जागा, लेबलाची नोंदणी. हे झाले गोव्यापुरते. मद्य हा घटनेने राज्यांचा विषय आहे आणि २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही पिण्याचे मद्य त्याबाहेरच ठेवले गेले. त्यामुळे पत्रादेवीचा नाका ओलांडला की कर निराळा, परवाना निराळा, लेबलाची नोंदणी पुन्हा नव्याने. नोंदणीचे शुल्क सहसा लेबलावर असते. लाख पेट्या विकणाऱ्या कारखान्याला ते जाणवत नाही. वर्षाला पाचशे बाटल्या काढणाऱ्याचा नफा मात्र त्यातच जिरतो. जाहिरातीचेही तेच. मद्याच्या जाहिरातीला दूरचित्रवाणीवर बंदी आहे, म्हणून मोठे सोड्याच्या नि पाण्याच्या नावाखाली आपले नाव गाजवतात. छोट्याने काय विकावे, बोंडूचे लोणचे?

शिवाय ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी सिंधुदुर्ग आणि बेळगावच्या वर्तमानपत्रांत इतकी नेमाने येते की, गोव्याचा प्रामाणिक भट्टीवालाही तस्करांच्याच पंक्तीत जाऊन बसतो. सीमेपलीकडे फेणीला कायदेशीर वाट सोपी नाही, मग चोरवाटच मोठी होणार.

आता दुसरी बाजू पाहा. २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉच व्हिस्कीवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून ७५ वर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. स्कॉटलंडच्या भट्टीवाल्यासाठी त्याचे सरकार वर्षानुवर्षे वाटाघाटी करते. आमचे सरकार पणजीहून मुंबईला आणि बेंगळुरूला का जात नाही?

मुंबईत ऐकणारे कान असावेत असे वाटण्यास जागा आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये काजूबोंडे आणि मोहफुले यांपासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याचा दर्जा देण्याचे ठरविले. (आपल्या डोंगरातल्या बोंडूला प्रतिष्ठा मिळवण्यासाठी ‘विदेशी’ व्हावे लागते, ही गंमत वाचकांच्या ध्यानात आलीच असेल.) दोडामार्ग-सावंतवाडीचा बोंडू आणि सत्तरी-पेडण्याचा बोंडू यांत फरक तो काय? दोन्ही राज्यांनी छोट्या उत्पादकासाठी एक वर्ग, एक माफक शुल्क आणि परस्परांच्या नोंदणीला मान्यता एवढे ठरवले तरी अर्धी वाट मोकळी होईल.

उरलेली अर्धी गोव्यातच आहे. मानांकन कायद्याखाली ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून उत्पादकाने स्वतःचे नाव नोंदवावे लागते. हे काम तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे भरवून करून द्यावे. प्रत्येक काजूप्रधान तालुक्यात सहकारी तत्त्वावर बाटल्या भरण्याचे एक केंद्र आणि तपासणीची सोय असावी. दूध उत्पादक आपले दूध सोसायटीत मोजून घालतो त्याच रीतीने. मात्र दुधासारखे सगळे एकत्र न ओतता ज्याची भट्टी त्याचे नाव, त्याच्या गावाचे नाव लेबलावर छापून. आणि अबकारी खात्याचे अर्ज व नियम मराठीतही मिळालेच पाहिजेत. १९८७ च्या राजभाषा कायद्यात शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद आहे, ती केवळ भाषणांत उद्धृत करण्यासाठी केलेली नाही. नारळाची फेणी मानांकनाच्या बाहेर राहिली आहे, तिचाही विचार याच बैठकीला व्हावा.

या मागण्यांचे निवेदन संघातर्फे अबकारी खात्याचे मंत्री आणि काजूप्रधान तालुक्यांचे आमदार यांना देण्यात येणार आहे. ज्या वाचकांची स्वतःची भट्टी आहे, किंवा जे आपले बोंडू भट्टीला देतात, त्यांनी गेल्या हंगामातला खर्च आणि मिळालेला भाव संघाच्या कार्यालयात लेखी कळवावा. मार्चमध्ये बोंडू पडू लागले की कोणालाच सवड नसते, तेव्हा त्याआधी.