वहीतली मोटारींची यादी

मैत्रिणींनो, फ्रान्समध्ये ल माँ इथे जूनमध्ये 24 तासांची मोटारशर्यत असते. आपल्याकडच्या शनिवारच्या दिवेलागणीपासून रविवारच्या दिवेलागणीपर्यंत! यादी मात्र कितीतरी आधीच लागते. 2025 साली तीत 62 गाड्या होत्या, प्रत्येकीला तीन चालक.

नगरच्या एका भगिनी लिहितात, "लेक ही यादी वहीत उतरवून घेते. तिला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचाय. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला हे कशाला?"

सासूबाईंना सांगा, 1930 साली ओदेत सिको आणि तिची जोडीदारीण, दोघीच बायका बुगाटी घेऊन उतरल्या नि सातव्या आल्या. 1932 साली तर ओदेत चौथी! आपल्या करुण चंढोकची गाडी 2012 मध्ये सहावी होती. आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई तुमच्या नगरातच की हो!

शर्यतीच्या रात्री जागू दे तिला. (सकाळचं दूध तापवणं तिच्याकडेच द्या.) डिप्लोमाचा अर्ज मात्र मुदतीत भरा.