अभ्यासिकेचे वायफाय आणि बाबासाहेबांचा मसुदा

जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमधल्या अनेक अभ्यासिका लोकवर्गणीतून उभ्या आहेत. एमपीएससी, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात. आम्ही काम करतो त्या अभ्यासिकेत मध्यंतरी वायफाय फारच संथ झाले. समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "वायरशार्क लावा, कोण काय पाहतो ते कळेल." आम्ही ठाम नकार दिला.

वायरशार्क हे नेटवर्कमधून जाणारी पॅकेट पकडून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर. बिघाड शोधायला ते उत्तम आहे. आमचा आक्षेप 'कोण काय पाहतो' या हेतूला होता.

काही जण म्हणतात, आता बहुतेक सगळे एन्क्रिप्टेड असते, मजकूर दिसतच नाही, मग भीती कसली? पत्र दिसत नसेल, पण पाकिटावरचा पत्ता दिसतो. कोणता मोबाईल, बहुतेक वेळा कोणते संकेतस्थळ, किती वाजता, किती डेटा. एखादी मुलगी कोर्ट मॅरेजची माहिती शोधत असेल, एखादा मुलगा एचआयव्ही तपासणीची. ती यादी समितीच्या लॅपटॉपमधून घरापर्यंत पोचली तर? २०१३ साली सोनईत प्रेमप्रकरणावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. आपल्या समाजात अशा माहितीची किंमत जिवाने मोजावी लागते.

बाबासाहेबांना हे कळत होते. मार्च १९४७ मध्ये संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीला दिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात त्यांनी माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. ते कलम संविधानात आले नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टास्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. मधे सत्तर वर्षे गेली! आजचे कागदपत्र म्हणजे मोबाईलमधून जाणारी ही पॅकेट.

मग आम्ही काय केले? आधी राऊटरवरचा वापराचा आकडा पाहिला. दोन-तीन मोबाईलचे फोटो आपोआप बॅकअप होत होते. ते थांबवले, वेग परतला. पॅकेट पकडायची गरजच पडली नाही.

कधी पडलीच, तर नियम लिहून भिंतीवर लावले आहेत. आधी सर्वांना सांगायचे, संमती घ्यायची. नको म्हणणाऱ्याचा मोबाईल तेवढा वेळ वायफायवरून काढायचा. ठरलेली दहाच मिनिटे, पॅकेटचा फक्त वरचा पत्त्याचा भाग, दोघांच्या समोर. तपासात मुलींची एक प्रतिनिधी हवीच. दोष सापडला की फाईल त्याच दिवशी पुसायची.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ब नुसार सायबर सुरक्षेसाठी सरकार नेटवर्कवरची वाहतूक तपासू शकते. त्या अधिकाराचा हिशेब आपण मागितलाच पाहिजे. पण स्वतःच्या अभ्यासिकेत पोरांवर पाळत ठेवणाऱ्यांनी तो कोणत्या तोंडाने मागायचा?

जय भीम!