फासावरचा चोर आणि बँकेचा संचालक

आमच्या मौद्यातल्या नाटकवाल्या पोरांनी या आठवड्यात दिग्दर्शक पाब्स्टचा 'थ्रीपेनी ऑपेरा' हा सिनेमा पाहिला आणि तो संपायच्या आतच मला फोन केला. "भाऊ, यातले गाणे कुठी गेले?" प्रश्न रास्त आहे. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी 1928 साली बर्लिनमध्ये हा चोर-भिकाऱ्यांचा खेळ गाजवला तो गाण्यांच्या जोरावर. 1931 च्या सिनेमात पाब्स्टने त्यातली बरीच गाणी गाळली. ब्रेख्त आणि वाइल दोघेही कोर्टात गेले. ब्रेख्त खटला हरला. पोरं त्याच्या बाजूने. मी नाही.

कारण शेवट बघा. नाटकात चोरांचा म्होरक्या मॅकी फासाच्या तख्ताशी उभा असतो, इतक्यात राणीचा दूत येतो. माफी, सरदारकी, वाडा, वर तहहयात तनखा. प्रेक्षक हसतो आणि घरी जातो, कारण असं काही होत नसतं हे त्याला ठाऊक असतं. सिनेमात दूतबित कोणी येत नाही. मॅकी तुरुंगात असताना त्याची बायको पॉली टोळीला घेऊन सरळ बँक काढते. मॅकी संचालक होतो, नोकरी गेलेला पोलीसप्रमुख ब्राउन तिथेच चिकटतो, भिकाऱ्यांचा धंदा चालवणारा पीचमही भागीदारीला येतो. इथे हसू येत नाही, कारण असं होतं. गंमत अशी की बँकेची कल्पना मुळात ब्रेख्तने सिनेमासाठी लिहून दिलेल्या आराखड्यातलीच. 1933 साली नाझींनी या सिनेमावर बंदी घातली. गाणी कमी पडली म्हणून काही घातली नसेल!

पोरांचा दुसरा सवाल नेहमीचाच. याच नाटकावरून पु. लं.नी केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'चा असा सिनेमा का नाही झाला? माझं उत्तर जुन्या वाचकांना पाठ आहे, तरी पुन्हा देतो. झाला की! त्याचं नाव 'सिंहासन'.

हसू नका. थिएटर अकादमीचा 'तमाशा' 1978 चा, दिग्दर्शक जब्बार पटेल. 'सिंहासन' 1979 चा, दिग्दर्शक तेच. रंगमंचावर अंकुश, म्हणजे इथला मॅकी, झालेला नंदू भेंडे रॉक गाणारा, शेजारी लावणी, भजन, नाट्यसंगीत; प्रेक्षक ताल धरून बसलेला. पुढच्याच वर्षी सिनेमात जब्बारनी रंगही काढून टाकले. कृष्णधवल पडदा, अरुण साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा. स्मगलर आहेत, कामगार पुढारी आहे, बंडाला टेकलेला अर्थमंत्री आहे आणि सगळ्यांना पुरून उरणारा मुख्यमंत्री आहे. नाटकातले चोर निदान चोर म्हणून वावरतात. इथे सगळे झब्बा-धोतरात. पाब्स्टने बँक दाखवली, जब्बारनी मंत्रालय. आणि हे सारं पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस शेवटी वेडा होतो. दिगू झालेल्या निळू फुल्यांचं ते हसणं ऐकलं की राणीचा दूत पोरखेळ वाटतो.

जब्बारांनी असा काही दुवा मनात धरला होता का? पुरावा माझ्याकडे नाही. पण 'तमाशा' बसवून उठलेला माणूस पुढच्या वर्षी सगळं विसरून कॅमेऱ्यामागे उभा राहिला, हे मला कोणी पटवून दाखवावं.

आता माझं रडगाणं. पु. लं.नी तमाशाचा घाट घेतला, उत्तम केलं. पण लोकनाट्य म्हटलं की पुण्या-मुंबईच्या कलावंताला तमाशाच का आठवतो? आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडे खडी गंमत आहे. ना पडदा, ना नेपथ्य; कलावंत आणि वादक उभ्याउभ्या रात्र काढतात, आणि त्यातला सोंगाड्या गावच्या सावकारापासून तलाठ्यापर्यंत कोणालाही समोर बसवून सोलतो. मॅकी आणि पीचम यांना याहून चांगली जागा शोधूनही मिळायची नाही. बर्लिनचं पुण्याला पोचलं, पुण्याचं कन्हान ओलांडून मौद्यात यायला मात्र अजून मुहूर्त लागतो आहे.

तेव्हा पोरांनो, गाणी मोजत बसू नका. आधी 'सिंहासन' पाहा, मग पाब्स्ट पुन्हा लावा. आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत खडी गंमत उभी राहील, तेव्हा मोबाइल खिशात ठेवून पहाटेपर्यंत बसा. त्यातल्या सोंगाड्याला मॅकीची गोष्ट कोणीतरी सांगायला हवी, आणि ते काम तुमचं आहे.